सहाच्या कळेवरचा श

क्लायपेदा. फेब्रुवारी. बंदरातल्या क्रेन धुक्यात अर्ध्याच उरलेल्या.
माझ्या टेबलावर गिंतौतास पेट्रुलिसचा लॅपटॉप:
बिजागरीला काळी चिकटपट्टी,
एंटरची कळ बोटाएवढी खोलगट.

दरवाजे बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाने तक्रारीत लिहिलंय,
'पैसे यानेच पाठवले. आणि याच्याकडे कुलूपबंद एक फाइल आहे.'
'आणि'वर पेनाने दोनदा रेघ.

आधी डिस्क काढली, मधे ती छोटी डबी जोडली
जी वाचू देते, लिहू देत नाही.
मग हॅश. डिस्कचा अंगठा, म्हणते आमची नवी मुलगी.
वहीत उतरवला.

मग ते पत्र. वरून दिसतं साधंच:
करवतीच्या यंत्राचे अठ्ठेचाळीस हजार सातशे वीस युरो
आता नव्या खात्यात भरावेत, तसदीबद्दल क्षमस्व.
खाली स्वाक्षरी, लोमविकची, नॉर्वेची.
पत्राचे शिक्के मी खालून वर वाचते,
चिखलातली पावलं उलटी मोजत जावं तशी:
नॉर्वे त्यात कुठेच नाही.
आणि पत्ता मोठा करून पाहिला तेव्हा
रोमन र आणि न खेटून उभे होते,
म असल्याचं सोंग घेऊन.
लोर्नविक.
एकसष्ट वर्षांच्या डोळ्यांना ते लोमविकच दिसणार.
माझ्या चौतीसच्यांनाही दिसलं.

पावलं एका भाड्याच्या सर्व्हरपाशी संपली.
तीन दिवसांचं भाडं आगाऊ, भाडेकरू हवेत.

राहिली फाइल.
शब्दकोश लावले: गावं, नद्या, पोरींची नावं,
बास्केटबॉलचे संघ, कुत्री, जन्मसालं,
सेकंदाला चाळीस हजार.
खोलीत पंख्यांची घरघर, खिडकीत माझा कॉफीचा कप गोठत.
तीन दिवस फाइलने ताकास तूर लागू दिली नाही.

चौथ्या दिवशी मावशीला निरोप टंकत होते,
'आज यायला उशीर होईल.'
आमच्याकडे 'आज' श ने सुरू होतो.
पडद्यावर उमटला सहा.
कळफलक इंग्रजीवरच राहिला होता,
बोट मात्र सवयीने आपल्या श वर गेलेलं,
आणि आपला श तर सहाच्याच कळेवर राहतो.

मी हात तसाच धरून बसले.

मग यंत्राला सांगितलं: प्रत्येक श चा सहा कर,
प्रत्येक च चा दोन.
अकरा मिनिटं.
सहा, आल्तिबार, सहा, दोन, याय.
शाल्तिबार्श्चेय.
ताकातलं बीटाचं गार सूप, गुलाबी, वर शेपू,
जे इथे उन्हाळाभर प्रत्येक घरी असतं.

फाइलमधे तक्ता होता.
कुठलं गुप्त खातं नाही, साथीदार नाही.
महिना, हप्ता, बाकी.
एकशे चाळीस युरो, तीनशे अठ्ठेचाळीस ओळी,
शेवटच्या ओळीसमोर त्याचं वय: नव्वद.
बाकी: शून्य.
पहिल्या दोन ओळी हिरव्या केलेल्या.
कंपनीच्या खात्याशी ताडून पाहिलं. जमा होत्या,
त्याच्याच हाताने, 'किरकोळ' या सदराखाली.
मालकाने ते सदर बहुधा कधी उघडलं नसावं.

अहवालात मी लिहिलं: फसवणूक बाहेरून.
फाइलचा गुन्ह्याशी संबंध नाही.
छापील नमुन्यात यापुढे जागा दीड ओळ असते.
ती मी कोरी सोडली, मग परत येऊन
'किरकोळ जमा, पाहा परिशिष्ट चार' एवढं घातलं.

लॅपटॉप न्यायला तो स्वतः आला, टोपी हातात.
सही केली, तारीख घातली, तारीख तपासली.
'उघडली?' म्हणाला.
'उघडली.'
'सहा कसा सुचला?'
'माझंही बोट तिथेच जातं.'
तो थोडं हसला. मग विचारलं,
'मार्चचा हप्ता भरायचा ना?'
माझ्याकडे त्याचं उत्तर देण्याचा अधिकार नव्हता.
मी म्हणाले, 'आधी अहवाल वाचू द्या त्यांना.'

तो गेल्यावर शेवटचा हॅश काढला.
पहिल्याशी अक्षरन् अक्षर जुळला,
म्हणजे माझ्या वाचण्याने काही बदललेलं नाही,
डिस्कवर.